कनेक्शन एक तास पन्नास मिनिटांचं, रजा नऊ दिवसांची

प्रश्न : मी तिशीतली नोकरदार स्त्री आहे. माझा जोडीदार दुसऱ्या खंडात राहतो. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा सात तास पुढे आहे. थेट विमान नाही. वर्षातून एकदा-दोनदा भेट होते आणि दर वेळी मीच जाते. या वेळी प्रवास धरून नऊ दिवसांची रजा मिळाली आहे. समोर दोन पर्याय आहेत. पहिला, एकाच तिकिटावर २६ तासांचा प्रवास : रात्री साडेनऊला निघायचं, मध्ये सात तासांचा लेओव्हर. दुसरा, दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं : पहाटे साडेचारला निघायचं, १९ तास, मध्ये एक तास पन्नास मिनिटं. हा चांगलाच स्वस्त आहे. दोन्ही तिथे सकाळी साडेसहालाच पोचतात. विमानतळावर सात तास फुकट घालवण्यापेक्षा दुसरा घ्यावा असं वाटतं. मागच्या वेळी डोकेदुखी घेऊनच उतरले, पहिले दोन दिवस चिडचिडीत गेले आणि दुसऱ्या संध्याकाळी अगदी क्षुल्लक कारणावरून भांडण झालं. या वेळी उतरल्या दिवशीच संध्याकाळी त्याच्या मित्रमंडळींबरोबर जेवण ठरलंय, त्यामुळे विमानात झोप पूर्ण करून ताजंतवानं उतरायचं आहे. आणखी एक : इमिग्रेशनवर ‘जोडीदाराला भेटायला आले’ असं सांगावं की नुसतं ‘फिरायला’? लग्न झालेलं नाही, म्हणून धाकधूक वाटते.

उत्तर :

निघायच्या आणि पोचायच्या वेळा नेमक्या कळवल्यात हे फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यांतच आहे. दोन्ही पर्याय तिथे एकाच वेळी पोचतात. म्हणजे छोट्या कनेक्शनने वाचणाऱ्या सात तासांतलं एक मिनिटही तुम्हा दोघांच्या वाट्याला येत नाही. ते तास वाचतात तुमच्या घरी, तेही रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. साडेचारच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी दीडच्या सुमारास विमानतळावर पोचायचं तर बारालाच घर सोडावं लागेल. त्या रात्री झोप लागणार नाही आणि पुढच्या दोन विमानांत ती भरूनही निघणार नाही.

आता त्या एक तास पन्नास मिनिटांचा हिशेब करू. समजा पहिलं विमान दुपारी २:१० ला उतरतं आणि दुसरं ४ वाजता सुटतं. तिकिटं वेगळी, म्हणून पहिली कंपनी तुमचं सामान तिथेच पट्ट्यावर सोडणार. ते घ्यायचं तर इमिग्रेशन पार करून त्या देशात शिरावं लागतं, बॅग उचलून पुन्हा वर प्रस्थानाच्या मजल्यावर येऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, म्हणजे ३ वाजता. तुमच्या हातात ११० मिनिटं नाहीतच, ५० आहेत. त्यातली दहा-पंधरा विमान गेटला लागून दार उघडेपर्यंत जातात. रांग आणि बॅग यांसाठी उरतात पस्तीस-चाळीस. पहिलं विमान अगदी वेळेवर आलं तरी हे जमणं कठीण, आणि अर्धा तास उशीर झाला तर विषयच संपला.

दुसरं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त ‘न आलेल्या प्रवासी’. नवं तिकीट स्वखर्चाने, तेही त्या दिवसाच्या भावाने. बऱ्याचदा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही आपोआप रद्द होतो. ही गोष्ट अनेकांना परतीच्या दिवशी काउंटरवर उभं राहिल्यावर कळते. प्रवास विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्वतः जुळवलेली कनेक्शनं कित्येक पॉलिसींत वगळलेली असतात किंवा मधल्या वेळेची किमान अट असते. एकाच तिकिटावर मात्र पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते.

वेगळी तिकिटं कधीच घेऊ नयेत असं नाही. मध्ये सहा-आठ तास किंवा सरळ एक रात्र असेल, त्या देशात शिरायची परवानगी असेल आणि दुसरं विमान त्या दिवसातलं शेवटचं नसेल, तर व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. फक्त केबिन बॅग नेली की भागतं असंही कोणी सांगेल. कधी भागतं. पण पुढच्या देशाचा व्हिसा तपासल्याशिवाय कंपनी बोर्डिंग पास देत नाही, आणि तो तपासणारा ट्रान्सफर काउंटर आतल्या बाजूला सगळ्याच कंपन्यांचा नसतो.

एकाच तिकिटाचा पर्याय घेतानाही ते खरंच एक तिकीट आहे ना, ते बघा. बुकिंगच्या साइट एका पानावर, एका रकमेत दोन वेगळी तिकिटं विकतात. बारीक अक्षरांत कुठेतरी ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी ते शब्द शोधा. तिकीट हाती आल्यावर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक पाहा. दोन्ही टप्प्यांना तोच असेल तर ठीक. विमानतळांचे कोडही वाचा. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून, किंवा टोकियोत नारितावर उतरून हानेदाहून निघायचं असेल, तर मध्ये अख्खं शहर ओलांडायचं आहे. आणि मधल्या देशाचे ट्रान्झिटचे नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर तुमच्या पासपोर्टनुसार तपासा. अमेरिकेत तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी इमिग्रेशन पार करावंच लागतं, म्हणून व्हिसा किंवा ज्यांना लागू असेल त्यांना ईएसटीए (व्हिसाशिवाय येण्यासाठीची ऑनलाइन पूर्वपरवानगी) लागतंच. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक असलेली बरी.

तर माझं मत पहिल्या पर्यायाला. त्यातले सात तास फुकट जाणार नाहीत; ते कसे कामाला येतात ते बघू.

तुमचं शरीर मेंदूतल्या घड्याळावर चालतं आणि ते घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. पूर्वेकडे जाताना ते पुढे ओढावं लागतं, आणि हीच दिशा बहुतेकांना जड जाते. तुम्ही सकाळी साडेसहाला उतराल तेव्हा शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. ताजंतवानं उतरायचं म्हणता, पण शरीर त्या क्षणी अंथरूण शोधत असणार. त्याच संध्याकाळी आठच्या जेवणाला बसाल तेव्हा एक अख्खी रात्र बुडालेली असेल. मागच्या वेळच्या चिडचिडीचं मूळ बरंचसं इथेच असावं.

यावर हुकमी साधन आहे उजेड, पण तो योग्य वेळी घ्यावा लागतो. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे सरकवतो, आधी मिळालेला मागे ढकलतो. तुम्ही घरी सातला उठत असाल, तर तो क्षण पहाटे साडेचारच्या आसपास, म्हणजे तिथल्या घड्याळाने साडेअकराला. काहीच तयारी न करता गेलात आणि उतरल्या उतरल्या सकाळच्या लख्ख उन्हात फिरलात, तर घड्याळ उलट्या दिशेला जाईल. ‘पोचल्यावर लगेच उन्हात जा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला पूर्वेकडच्या लांब प्रवासात असा अंगाशी येतो.

म्हणून निघण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज एक तास लवकर झोपा आणि एक तास लवकर उठा. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात. तिसऱ्या दिवशी अकराऐवजी आठला झोपणं नोकरी करणाऱ्याला जमत नाही, हे मान्य. दोन तास सरकलं तरी खूप. पहिलं विमान साडेनऊचं असल्याने ती तुमचीच रात्र आहे. विमानात बसताच झोपा. जेवण विमानात बसायच्या आधीच उरका आणि ट्रे आला तर नको म्हणा. लेओव्हर सुरू होईल तेव्हा शरीराची सकाळ असेल. बाहेर उजेड असेल तर मोठ्या काचेच्या खिडकीजवळची जागा पकडा, चाला, आंघोळीची सोय असेल तर पैसे मोजून घ्या. घड्याळ पुढे ओढायला हेच तास उपयोगी पडतात. झोपायचंच असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. अलार्म ठराविक वेळेचा लावू नका, टायमर लावा. फोनने स्थानिक वेळ बदलली नसेल तर वेळेचा अलार्म दगा देतो, टायमर देत नाही. बॅगेचा पट्टा पायात अडकवून ठेवा, पासपोर्ट आतल्या खिशात. दर तासाला फलकावर गेट बघा. बऱ्याच विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही आणि बोर्डिंग पासवर छापलेलं गेट बदलतं.

शहर बघून यायचा मोह होईल. बाहेर पडायला एक तास, परत येऊन सुरक्षा तपासणीला अडीच तास धरा, त्यात जाणं-येणं मिळवा. सात तासांतले दोन उरले तर नशीब. व्हिसा हाताशी असला तरी या वेळी तो मोह टाळा.

दुसरं विमान तिथल्या रात्री उडतं, पण तुमच्या शरीराची ती दुपार असेल. तीन-चार तास झोप मिळाली तरी छान झालं म्हणा, पूर्ण झोपेची अपेक्षाच ठेवू नका. त्या टप्प्यासाठी खिडकी घ्या, म्हणजे शेजाऱ्यांसाठी उठावं लागत नाही. पहिल्या टप्प्यात मधल्या वाटेकडची जागा बरी. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर हवा खराब झाली की तपासायला तुम्हाला उठवतील. दारू टाळा, डोळा लागतो पण झोप तुकड्यातुकड्यांची होते. झोपेची गोळी पहिल्यांदाच विमानात घेऊन बघू नका, आणि एरवीही तासन्‌तास एकाच अवस्थेत पडून राहणं तिथे बरं नाही.

डोकेदुखीचं कारणही समजून घ्या. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो आणि आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. नाक-घसा कोरडे पडतात, पोटातला वायू फुगतो. थोडं थोडं पाणी पीत राहा, सोडा असलेली पेयं आणि कमरेला घट्ट कपडे नकोत. लेन्स वापरत असाल तर चष्मा घाला. रोज चहा-कॉफी घेत असाल तर ती त्या दिवशी एकदम बंद करू नका. ती अचानक तुटली की त्यानेही डोकं दुखतं.

पाय सुजतात, त्याचं फारसं मनावर घेऊ नका. पण रक्ताच्या गुठळीबद्दल जागरूक राहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासानंतर शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजार प्रवाशांत एक इतकाच असतो. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, घरात कुणाला गुठळीचा त्रास, यांतलं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि कॉम्प्रेशन सॉक्स मापाने घ्या. इतरांनी दर तासाला पाऊल वर-खाली करून पोटऱ्या आवळाव्यात, दोन तासांनी उठावं. परतल्यावर काही दिवसांतही एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागली, तर लगेच डॉक्टरांकडे.

गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर : घेत असाल तर त्या तिथल्या वेळेवर नेताना दोन गोळ्यांमधलं अंतर चोवीस तासांहून वाढू देऊ नका. पूर्वेकडे जाताना अंतर कमी झालं तरी चालतं, परतताना ते वाढतं आणि गोंधळ तिथेच होतो. फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या काही गोळ्यांना तीनच तासांची सवलत असते. सोपा उपाय म्हणजे गोळी घरच्याच वेळेवर घेत राहणं आणि अलार्म त्या हिशेबाने लावणं. सगळी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीच्या प्रतीसह, हातातल्या बॅगेत. मेलाटोनिनबद्दल (झोपेच्या वेळेशी जोडलेलं संप्रेरक, ते गोळीच्या रूपातही मिळतं) डॉक्टरांशी बोला. काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घ्यायचं ठरलं तर कमी मात्रेत आणि तिथल्या झोपेच्या वेळेला.

हातातल्या छोट्या बॅगेत पासपोर्ट, औषधं, चार्जर, एक दिवसाचे कपडे आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही आणि मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. काही कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत, म्हणून फोन आधीच पूर्ण चार्ज करा. गेटवर ऐनवेळी केबिन बॅग खाली टाकायला घेतली, तर आधी हे सगळं काढून घ्यायचं. द्रवपदार्थांना १०० मिलीलीटरचा नियम काही विमानतळांनी शिथिल केला असला, तरी वाटेतल्या सर्वांत कडक विमानतळाचा नियम धरा. जोडीदारासाठी ड्यूटी-फ्रीमधून अत्तर घेतलंत तर सीलबंद पिशवी शेवटपर्यंत उघडू नका आणि पावती आतच राहू द्या. नाहीतर मधल्या तपासणीत ते कचऱ्यात जाईल. भेटवस्तू कागदात गुंडाळून नेऊ नका, तिथे पोचून गुंडाळा. खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू असतील तर फॉर्मवर जाहीर करा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर विसरूनसुद्धा लपवू नका. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होईल, लपवलेलीवर दंड होतो.

फोनची एक अडचण नेहमी ऐनवेळी कळते. कित्येक विमानतळांचं वायफाय एसएमएसने ओटीपी मागतं, बँकेचं कार्डही मागतं, आणि तो येतो तुमच्या घरच्या नंबरावर. निघण्याआधी त्या सिमवर परदेशात एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू करा. ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून घ्या. जोडीदाराचा नंबर आणि पत्ता कागदावरही लिहा. आणि बॅग आली नाही तर ते दालन सोडायच्या आधी काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. माँट्रियल करारानुसार लेखी दाव्याची मुदत बॅग मोडली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवस, उशिरा आली असेल तर २१ दिवस.

इमिग्रेशनची धाकधूक. लग्न झालं आहे की नाही यात अधिकाऱ्याला रस नसतो. तुम्ही ठरल्या वेळी परत जाणार का आणि तिथे काम करणार नाही ना, एवढं त्याला पटायला हवं. ‘जोडीदाराला भेटायला आले आहे, अमुक तारखेला परत जाते आहे,’ हे एक वाक्य पुरे. पुढचं विचारलं तरच सांगा. परतीचं तिकीट, रजा मंजूर झाल्याचं पत्र, विमा, खर्चाची सोय, तो राहतो तिथला पत्ता, हे सगळं कागदावर हाताशी असू द्या. ‘फिरायला’ म्हणालात आणि ‘कुठे उतरणार, घ्यायला कोण येणार’ या पुढच्याच प्रश्नाला अडखळलात, तर साधी गोष्ट संशयास्पद होते. व्हिसाच्या अर्जात जे लिहिलं असेल त्याच्याशी हे जुळायलाच हवं. त्या अर्जात त्याचं नाव लपवलं असेल तर मात्र धाकधूक रास्त आहे, आणि त्यावर जाण्याआधीच जाणकाराचा सल्ला घ्या. अमेरिकेसारख्या देशात खोट्या माहितीचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो.

आता ते जेवण. ते पुढे ढकला, तिसऱ्या दिवसावर. हे आजच त्याला कळवा, आणि कारणही सांगा : ‘मला यायचं नाही’ असं नाही, ‘त्या दिवशी मी शुद्धीत नसेन’. त्याला पहिल्या दिवसाचं वेळापत्रक पाठवा. साडेसहाला विमान उतरलं तरी बाहेर यायला साडेसात-आठ होतील, त्याने सहापासून ताटकळायला नको. घरापर्यंत गडद चष्मा. आंघोळ, पडदे ओढून जास्तीत जास्त दीड तास झोप, दोन अलार्म. दोन तास आधी सरकल्या असाल तर साडेनऊनंतर, नाहीतर बारानंतर, दोघांनी मिळून तासभर बाहेर चालायचं. हलकं जेवण, रात्री नऊ-दहापर्यंत जागं राहायचं. दुसऱ्या दिवशीही उन्हाची वेळ तासभर अलीकडे घ्या. पुढे काय करायचं, कुणी कुठे राहायला जायचं, पैसे, घरचे, असले विषय पहिले दोन दिवस काढायचे नाहीत असं आधीच ठरवून टाका. मागच्या भांडणावरून नात्याबद्दल काही अनुमान काढलं असेल तर तेही तूर्त बाजूला ठेवा. दोन रात्री न झोपलेली माणसं कुणाशीही भांडतात.

परतीचं तिकीट असं काढा की घरी आल्यावर एक अख्खा दिवस उरेल. पश्चिमेकडे येणं सोपं, पण संध्याकाळी सातला पेंग येईल आणि पहाटे तीनला जाग. संध्याकाळी उजेडात राहिलात तर लवकर बसतं. जाणं-येणं आणि तो एक दिवस वजा जाता नऊतले जेमतेम सहा दिवस हातात येतात, तेव्हा कार्यक्रम सहा दिवसांचे आखा.

पत्रात जाता जाता एक वाक्य आलंय, ‘दर वेळी मीच जाते’. त्याला काही अडचण असेल, व्हिसाची किंवा रजेची. ती मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. पण रजा, पैसा आणि बिघडलेली झोप दर वेळी एकाच बाजूने खर्च होत असेल, तर हे बोलायला हवं, आणि ते भेटीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, दोघंही जागे असताना. तो येऊ शकत नसेल तर मधल्या शहराचा विचार करा. तुमचं विमान जिथे थांबतं, तिथे तोही एका विमानात पोचू शकत असेल, तर वेळेचा फरक दोघांत वाटला जातो आणि चारेक दिवसांची भेटही परवडते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २४ तासांहून जास्त थांबलं की तो स्टॉपओव्हर धरला जातो. काही कंपन्या तो फारसे जादा पैसे न घेता देतात. चौकशी करताना आधी बघायचं ते एवढंच की त्या देशाचा व्हिसा तुमच्या दोघांच्याही पासपोर्टवर किती दिवसांत मिळतो.